उजवा कौल

खारकोंडच्या हैबतरावांना कुणी विचारलं, की दादा, तुम्ही पुढारी कसे झालात, तर ते उत्तर देत नसत. डोळे मिटून देवळाच्या दिशेने हात जोडत. विचारणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. पेणच्या कचेरीतले साहेबलोक यावर गालातल्या गालात हसत, पण खारकोंडात कुणी हसत नसे. ग्रामपंचायतीची पहिली निवडणूक आली तेव्हा बहिरीदेवाने भर गावासमोर हैबतरावांना उजवा कौल दिला होता. त्याला आता, त्र्याऐंशी सालच्या वैशाखात, तेवीस वर्षं होत आली होती आणि तो कौल डोळ्यांनी पाहिलेली निम्मी माणसं अजून हिंडती-फिरती होती.

कौलाची रीत साधी. देवाच्या काळ्या पाषाणाच्या छातीवर तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. त्यावर पेणच्या कोर्टातसुद्धा अपील नव्हतं.

हा गुरव म्हणजे महिपती. साठी उलटलेला, काटकुळा, पण आवाज असा की गाऱ्हाणं घालायला लागला तर खाडीवर जाळं टाकणारा माणूस हात थांबवून ऐके. बहिरीची सेवा त्याच्या घराण्यात चार पिढ्यांची. आणि हैबतराव पुढारी कसे झाले हे अख्ख्या गावात खरोखर ठाऊक असलेला माणूस तो एकटाच होता.

महिपतीच्या बापाने मरण्याआधी त्याला एक गोष्ट सांगितली होती. “देवाला तेल लावशील तं सगळीकडं सारखं लाव. एका अंगाला जास्त झालं तं त्या अंगाची कळी ठरत नाय.” बापाने ती खबरदारी म्हणून सांगितली. महिपतीने ती युक्ती म्हणून ऐकली. बापाचं चुकलं की पोराचं, हे आता कुणाला विचारायचं?

त्या पहिल्या निवडणुकीला हैबतरावांच्या समोर बाबाजी उभा राहणार होता. बाबाजी म्हणजे गावात मोकाट सोडलेला वळू. काकडीच्या वेलाला हात लावला म्हणून त्याने कातकरवाडीतल्या दामूला दिवसभर उन्हात आंब्याला बांधून ठेवलं होतं. सोडला तेव्हा दामूला बोलता येत नव्हतं. मतं मागायची म्हणजे भावाभावांत वैर येणार, म्हणून गावकीने ठरवलं की देवालाच विचारू आणि देव सांगेल त्याचा एकच अर्ज भरू. कौलाच्या दिवशी सकाळी देवाला न्हाऊ घालताना महिपतीच्या डोळ्यांपुढे दामू आला. त्याने देवाच्या उजव्या अंगावरून तेलाचं एक बोट जास्त फिरवलं. एकच बोट. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाच्या घरचा चहासुद्धा तो त्यासाठी प्याला नव्हता.

“हैबतीला पुढारी करायचा असंल तं उजवी दे, म्हाराजा,” असं त्याने म्हटलं आणि कळी सटकन उतरली. तीस वर्षांचा हैबती देवळाच्या पायरीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. त्या रडण्याचं महिपतीला भय वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर अभिमान.

पहिली दहा वर्षं गाव म्हणे, देवाने माणूस बरोबर हेरला. शाळा आली. वाडीला विहीर आली. खाडीचा बांध फुटला तर हैबतराव स्वतः चिखलात उतरत. प्रत्येक कामाआधी ते कौल लावत, दिवसभर उपास करत, आणि चांगल्या कामाला महिपती तेलाचं बोट फिरवी. शाळेला फिरवलं, विहिरीला फिरवलं. देवाला तरी शाळा नको कशाला असेल, अशी तो स्वतःची समजूत घाली.

पण ज्याला देवाने नेमलं, त्याला माणसांनी काय सांगायचं? हैबतराव जिल्हा परिषदेवर गेले, रोह्याला कंत्राटदारांत ऊठबस वाढली, आणि गावात त्यांच्यापुढे मान वर करून बोलणारा कमी कमी होत गेला. गोविंदा नावाच्या एका तरुणाने सभेत उठून विचारलं, की रस्त्याचं काम दरवेळी तुमच्या पुतण्यालाच, सखालाच, कसं मिळतं? हैबतरावांना राग आला नाही. ते दुःखी झाले. म्हणाले, “हा मला नाय विचारत, हा देवाला विचारतो.” आणि गोविंदाला वाळीत टाकायचं की नाही, याचा कौल लावला.

त्या दिवशी महिपतीने तेलाला हातच लावला नाही. मनात म्हणाला, देवा, आता तुझं तू बघ. कळ्या चिकटवल्या, प्रश्न विचारला, आणि शब्द पुरा व्हायच्या आत उजवी कळी घसरून खाली आली. गोविंदाची आई पुढच्या महिन्यात गेली तेव्हा तिला खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. गोविंदाने एका बैलगाडीवाल्याच्या पाया पडून तिला नेली आणि तो गाव सोडून गेला तो गेलाच.

सगळे पांगल्यावर महिपतीने पाषाणावरून तळवा फिरवला. डावं अंग खरबरीत, कोरडं होतं. उजवं अंग मऊ, चकाकतं. दगडाने वर्षानुवर्षं तेल पिऊन घेतलं होतं. आता गुरवाने काही केलं नाही तरी देव हैबतरावांना होच म्हणणार होता. तेव्हापासून महिपती गाऱ्हाणं घालताना देवाच्या डोळ्यांकडे बघत नसे.

अशात त्या वैशाखात, टळटळीत दुपारी, टेंभीच्या टेकाडावरच्या कातकरवाडीतली जानी देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पन्नाशीची बाई, पायात काही नाही, कमरेला कोयता. तिचा नवरा भिकू जोह्याला मूर्तीच्या कारखान्यात माती मळायला जाई, आणि तिच्या लेकीला, मंगळीला, आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती.

“गुरवबाबा, सखाशेटनं आमाला जागा दाखवली,” ती म्हणाली.

“कंची जागा?”

“बांधाच्या पल्याड, खाडीच्या अंगाला. टेंभीवरनं उठायचं आन् थितं ऱ्हायचं, एकोणीस झोपड्यांनी. धरमतरकडं नवा रस्ता जातोय ना, त्याला आमच्या टेंभीचा मुरूम पायजे म्हणं. रोह्याचा कोन कंत्राटदार हाय.” जानी खाली उकिडवी बसली. “भिकूनं मेढ रोवायला खड्डा खणला. हातभर गेला नाय तं पाणी. दुसरा खणला, पाणी. चाखलं तं खारट. चार खड्डे खणले बाबा, चारीत पाणी.”

ती जागा महिपतीला ठाऊक होती. मागल्या आषाढात अवसेच्या उधाणाला बांधाला खांड गेली तेव्हा बांधाच्या अलीकडच्या शेतातल्या म्हशीसुद्धा बुडाल्या होत्या. बांधाच्या पलीकडे तर कावळासुद्धा घरटं बांधत नसे.

“सोमवारी कौल हाय आमचा,” जानी म्हणाली. “तुजा देव काय बोलंल?”

“देवाच्या मनातलं मला काय ठावं, जानी?”

“तुला नाय ठावं तं कोनाला गुरवा?” असं म्हणून ती उठली आणि उन्हातून चालू लागली. महिपतीला तिथे बसवेना.

तो उठला आणि थेट हैबतरावांच्या पडवीत गेला. हैबतराव झोपाळ्यावर होते. त्यांनी गुरवाला मानाने जवळ बसवलं, स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या दिला.

“दादा, बांधाच्या पल्याड खारीत माणसं ऱ्हात नायत,” महिपती म्हणाला. “पावसाळ्यात एक उधाण आलं तं वाडी दिसायची नाय.”

हैबतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बांध उंच करायचं माझ्या मनात हाय,” ते म्हणाले. “पर मी ठरवणारा कोण, महिपती? सोमवारी तो सांगंल. तो नाय म्हणाला तं टेंभीचं ढेकूळ हलवायचा नाय. तुझ्यासमोर शपथ घेतो. कंत्राटदार गेला उडत.”

महिपतीला माहीत होतं की ही शपथ खरी आहे. हा माणूस ढोंगी असता तर किती बरं झालं असतं! ढोंग्याला निदान आपलं ढोंग ठाऊक असतं.

हैबतराव पुढे झुकले. त्यांचे डोळे पाणावले होते. “पर मला सांग, तेवीस वर्सांत एकदा तरी तो मला नाय म्हणालाय का रं?”

दुसऱ्या दिवशी महिपतीने वडखळला एसटी बदलली आणि रोहा गाठलं. तिथे त्याची लेक मालू दिली होती. जावई कान्हू धाटावला कंपनीत होता, दुसऱ्या शिफ्टला गेलेला. धाटावकडून येणारा रसायनांचा कडवट वास घरात भरून राहिला होता, पण मालूला तो आताशा येत नसे. ती सुपात जवळा निवडत बसली होती. बापाचा चेहरा बघून तिने सूप बाजूला सारलं.

महिपतीने जन्मात पहिल्यांदा ती गोष्ट कुणाला तरी सांगितली. तेलाचं बोट, शाळा, विहीर, गोविंदा, तेल प्यालेला दगड. मालू ऐकत राहिली. तिला रडू येईल, ती संतापेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त पदराने तोंड पुसलं.

“मग सोपं हाय, बाबा,” ती म्हणाली. “राखेनं उजवं अंग घासघासून कोरडं करा आन् डाव्या अंगाला तेल लावा. देव नाय म्हणंल. हैबतकाका गप घरी बसतील. झालं.”

“पुन्यांदा तेच पाप?”

“तेच कुठलं? पयलं केलंत ते पाप. ही त्याची फेड.”

“मालू, माझं वय झालं गो. मला खरं सांगून टाकायचंय. सगळ्यांसमोर.”

“सांगा की. पर मागनं सांगा.” मालूचा आवाज चढला. “आदी मानसं वाचवा, मग खुशाल खरं बोला. तुमचं खरं काय नासतंय का दोन महिन्यांत?”

लेक शहाणी होती. रोह्यात राहून, शिफ्टच्या भोंग्यावर चूल पेटवून ती जेवढी शहाणी झाली, तेवढा बाप चार पिढ्यांच्या देवाजवळ बसून झाला नाही. परतीच्या एसटीत महिपतीने मनाशी पक्कं केलं, की मालू सांगते तसंच करायचं.

सोमवारी सकाळी त्याने गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं. चुलीतली राख आणली होती, तेलाची वाटी होती. वारा अजिबात नव्हता. समईची ज्योत हलत नव्हती. त्याने तेलात बोट बुडवलं आणि देवाच्या डाव्या अंगाजवळ नेलं. बोट तिथेच थांबलं.

काय आलं त्याच्या मनात? पुष्कळ आलं. एका बोटाने एवढं रामायण झालं, दुसऱ्या बोटाने काय होईल कुणी सांगावं? आज देव नाही म्हणाला तरी देवाने नेमलेला हैबतराव तसाच राहील, आणि पुढच्या वर्षी आणखी एक वाडी, आणखी एक गोविंदा. आपण मेलो की हा तेल प्यालेला दगड आणि तो देवाचा माणूस, दोघं समोरासमोर उरतील. त्यापेक्षा मुळावरच घाव घालावा. गावाला सांगावं, की याला देवाने नाही, मी नेमला. मग हैबतराव पुन्हा माणूस होईल, आणि माणसाला समजावता येतं. हा विचार चांगलाच होता, कुणीही नावं ठेवू नयेत. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती महिपतीने स्वतःलाही नीट दाखवली नाही. त्याला थकवा आला होता. त्याला ते ओझं खाली ठेवायचं होतं.

त्याने बोट आपल्याच डोक्याला पुसलं आणि दार उघडलं.

गाव जमलं होतं. शाळेचे दिनानाथ मास्तर, म्हातारी शांती, सखा आणि त्याची पोरं, सगळी भावकी. वाडीतलं कुणी नव्हतं. ज्यांचं घर हलवायचं त्यांना कौलाला बोलवायची चाल खारकोंडात नव्हती. हैबतराव उपाशीपोटी, ओलेत्याने पायरीशी हात जोडून उभे होते. “लाव,” ते म्हणाले.

महिपती गाऱ्हाण्याच्या आवाजात बोलला, म्हणून पहिली दोन वाक्यं लोकांना गाऱ्हाणंच वाटलं. मग एकेकाची मान वर झाली.

“...तेवीस वर्सांमागं या देवानं कौल दिला नाय. मी दिला. बाबाजी नको म्हणून उजव्या अंगाला तेल लावलं. शाळेला लावलं, इहिरीला लावलं. गोविंदाच्या येळी नाय लावलं, पर तवर दगडच तेलकट झाला व्हता. हे बघा.” त्याने वाटीतलं तेल उजव्या अंगाला लावलं, कळी चिकटवली. ती घसरली. डाव्या अंगाला लावलं, कळी चिकटवली. तीही घसरली. “बघा! देव बोलत नाय. तेल बोलतं. हैबतरावाला देवानं नेमलेला नाय. त्याची चूक झाली तं त्याला चूक म्हणा. वाडी खारीत नेली तं मानसं मरतील.”

शांती म्हातारीने तोंडावर हात ठेवला. सखा उडी मारून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आला आणि त्याने महिपतीची मान धरली.

“सोड त्याला,” हैबतराव म्हणाले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते पायरीवर बसले, आधार शोधत बसतो तसे. आणि त्या एका क्षणी महिपतीला त्यांच्या जागी तोच तीस वर्षांचा साधा हैबती दिसला. झालं, त्याला वाटलं. माणूस परत आला.

हैबतरावांनी फरशीकडे बघत विचारलं, “महिपती, त्या दिवशी उजव्या अंगाला तेल लाव म्हणून तुला कुणी सांगितलं व्हतं?”

“कुणी नाय.”

“मी सांगितलं?”

“नाय.”

“काय दिलं का मी तुला? कदी? कायतरी?”

“काय नाय, दादा. काय पन नाय.”

“मग तुझं बोट कुणी फिरवलं?”

महिपतीने तोंड उघडलं. दामूचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं, पण हैबतराव उठले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते दुःखाचं नव्हतं, हे महिपतीला सगळ्यांच्या आधी कळलं.

“तेवीस वर्सं माझ्या मनात एक किडा व्हता,” हैबतराव म्हणाले. “कुणाला बोललो नाय. वाटायचं, कळी वाऱ्यानं तं पडली नसंल? उन्हानं सुकून तं पडली नसंल? रोज रात्री वाटायचं. कळी काय, कशानंही पडते. पर माणसाचं बोट? कुणी सांगितलं नाय, कुणी दिलं नाय, आन् गुरवाचं बोट आपसूक उजव्या अंगाला जातं? अरे, फुलातनं बोलणारा तो, त्याला माणसाच्या हातातनं बोलायला काय अडचण?” त्यांनी वाकून महिपतीच्या पायांवर डोकं ठेवलं. “आज तू माझा किडा काढलास.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बहिरीच्या नावानं चांगभलं!” आणि सगळं देऊळ ओरडलं. शांती म्हातारी रडत होती. दिनानाथ मास्तर काही बोलायला उठले, इकडेतिकडे बघितलं आणि धोतर सावरत खाली बसले.

“दादा,” महिपती घाईने म्हणाला, “मग वाडीचं इचारू. आता लगेच इचारू. तो नाय म्हणाला तं तुमी थांबणार, शपथ घेतलीय तुमी.” त्याने परडीतल्या दोन कळ्या ओल्या केल्या आणि देवाच्या छातीला लावल्या. “म्हाराजा, वाडी हलवायची नसंल तं डावी दे!”

हैबतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, प्रेमळ होता.

“आता कौल कशाला, महिपती? जो तुझ्या हातातनं बोलला, तो माझ्या मनातनं बोलत नसंल? इतकी वर्सं मी उगाच फुलांना इचारत बसलो. माझ्या मनात येतं, ते आणतो कोण?” ते गावाकडे वळले. “आजपासून कौल बंद. टेंभीचं काम उद्या सुरू.”

तेवढ्यात डावी कळी पडली.

“डावी!” महिपती ओरडला. “डावी पडली! दादा, नाय म्हणतोय तो! बघा, बघा तरी!” ती तेलाने पडली की कशाने, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण लोक पाठमोरे झाले होते, हैबतरावांच्या मागे पायऱ्या उतरत होते, आणि त्यांच्या गजरात त्याचा तो गाजलेला आवाज कुणाच्या कानावर गेला नाही. आजवर या गावात हैबतरावांना अडवू शकेल अशी एकच गोष्ट होती, आणि ती महिपतीने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने मोडून टाकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेंभीवर गेला तेव्हा रोह्याहून आलेले दोन ट्रक खाली उभे होते. सखा छत्री घेऊन बसला होता. झोपड्या उतरवणं चाललं होतं. भिकू आणि दामू कुडाच्या भिंती सोडवून डोक्यावर घेत होते, आणि माणसांची ओळ टेंभीवरून उतरून, शेतांच्या बांधांवरून, खारीकडे जात होती. मंगळी लेकराला पदराखाली घेऊन सावलीत बसली होती. समोर खाडी नुसती चकाकत होती. तिचं पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते इथून कळत नव्हतं.

जानी गवताच्या पेंढ्या बांधत होती. तिने मान वर केली नाही.

“सखाशेट सांगत व्हता,” ती म्हणाली, “गुरवानं काल देवळात कायतरी तमाशा केला म्हणून. काय केलास?”

महिपती तिच्यासमोर जमिनीवर बसला. तेल, बोट, दगड, सगळं त्याने तिला सांगितलं. काल गावाला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खणखणीत होता. आज त्याला शब्द जुळवावे लागत होते. जानीने पेंढीची गाठ मारली, दुसरी पेंढी घेतली, तिचीही गाठ मारली.

“म्हंजी तुला येत व्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“देवाला नाय म्हणायला लावायला. तुला येत व्हतं. हैबतराव ऐकला असता?”

“ऐकला असता. शपथ घेतली व्हती त्यानं.”

जानीचे हात थांबले. आता तिने त्याच्याकडे बघितलं. “त्याला पुढारी करायला तू एकदा खोटं केलंस. शाळंला केलंस. आमच्यासाठी अजून एकदा नाय करता आलं?”

“मला वाटलं जानी... खरं सांगितलं की तो माणसात येईल. आन्...” पुढचं बोलायचं नव्हतं, पण त्या बाईच्या नजरेसमोर ते आपोआप बाहेर आलं. “आन् वाटलं, मी सुटेन.”

जानीने पेंढ्यांचा भारा उचलून डोक्यावर ठेवला. मंगळीला उठायची खूण केली. मंगळी लेकराला सावरत उठली आणि ओळीत शिरली. जानी दोन पावलं गेली आणि थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच महिपतीला सहन झालं नाही.

“मग सुटलास ना, बाबा,” ती म्हणाली. “जा आता घरी.”